केलेलं पोचतं कुणाला? गया ते बिहारशरीफ, दिवसवार

गया जंक्शनवर महाराष्ट्रातून आलेल्या गाडीतून दोन तऱ्हांची माणसं उतरतात. काहींच्या पिशवीत पितरांच्या नावांची यादी असते. काहींच्या सामानात पंचशील ध्वज असतो, आणि त्यांनी किंवा त्यांच्या आजी-आजोबांनी घेतलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, असं स्पष्ट म्हटलेलं असतं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या त्या प्रतिज्ञा. स्टेशनाबाहेर रिक्षा दोघांनाही त्याच मिळतात. एक विष्णुपदाकडे वळते, दुसरी बोधगयेकडे.

या वादाचं मूळ इथल्याच मातीत आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी मगधात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: केलेल्या कर्माला फळ असतं का? असलं तर ते करणाऱ्यालाच मिळतं की दुसऱ्याला पोचवता येतं? त्याची किमान अर्धा डझन उत्तरं या भागात दगडावर, पोथ्यांत आणि चालू विधींत सापडतात. पुढचा मार्ग तीच उत्तरं पाहायला आखलेला आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. विधी करायचा नसेल तर पितृपक्षात गया टाळावी, त्या पंधरवड्यात खोली मिळणं मुश्किल.

पहिला दिवस: गया

विष्णुपदाला पहाटे पोचावं. आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1787 मध्ये बांधून घेतलं. गाभाऱ्यात मूर्तीऐवजी खडकावर उमटलेलं सुमारे 40 सेंटिमीटर लांबीचं पाऊल आहे, भोवती चांदीने मढवलेला अष्टकोनी कठडा. गयासुर या क्षेत्राखाली निजलाय आणि विष्णूने त्याला पायाने दाबून धरलंय, ही कथा. अहिंदूंना प्रवेश नाही अशी पाटी आहे, मिश्र गटाने हे आधी लक्षात घ्यावं.

गयाश्राद्धाला काळाचं बंधन नाही, वर्षात कधीही चालतं. एका दिवसाचा विधी तीन जागी होतो: फल्गूचा काठ, विष्णुपद आणि अक्षयवट. सतरा दिवसांचा विधी चाळीसहून अधिक वेद्यांवर, म्हणजे पिंड देण्याच्या जागांवर, फिरतो. अडचण येते ती नावांची. वडील, आजोबा, पणजोबा सगळे घेऊन येतात, पण आईकडच्या तीन पिढ्या, त्यांच्या बायका आणि गोत्र इथे विचारलं की फोनाफोनी सुरू होते. घरूनच तक्ता लिहून आणावा: पितृकुळ तीन पिढ्या सपत्नीक, मातृकुळ तीन पिढ्या सपत्नीक, मग काका, मामा, आत्या, मावशी, सासरे, गुरू, मित्र. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायची रीत आहे. दक्षिणेचा आकडा संकल्प सोडण्याआधी ठरवून घ्यावा. शेवटी अक्षयवटाखाली गयावळ पंडा, म्हणजे इथला परंपरागत पुरोहित, 'सुफल' म्हणतो, त्याशिवाय विधी पुरा होत नाही, आणि घासाघीस नेमकी तिथेच अंगावर येते.

आपल्याकडे पिंड भाताचे. इथे बहुतेक ठिकाणी जवाचं पीठ, काळे तीळ, मध, तूप आणि पाणी. पाणी एकदम ओतलं की पीठ सैल होतं आणि पिंड पत्रावळीवर बसतो. चमचा चमचा घालून घट्ट मळावं. आकाराबद्दल वायुपुराणातलं गयामाहात्म्य उदार आहे: मुठीएवढा, ओल्या आवळ्याएवढा, अगदी शमीच्या पानाएवढा पिंडही चालतो.

घाई असली तरी मातृषोडशी वगळू देऊ नये. आईसाठी सोळा पिंड, आणि प्रत्येकाच्या श्लोकात तिचा एकेक त्रास मोजलेला: गर्भारपणी खाचखळग्यांतून चालणं, महिन्यामहिन्याचं कष्टणं, प्रसूतीच्या कळा, रात्री मुलाने ओलं केलेलं अंथरूण. संस्कृत कळत नसेल तर अर्थ सांगायला लावावा. एरवी यजमान रोबोसारखे पिंड ठेवत जातात आणि गयेतला सगळ्यात माणुसकीचा मजकूर कानावरून निघून जातो.

जनार्दन मंदिरातला आत्मपिंड हा याहून वेगळा प्रकार. मागे श्राद्ध करणारं कुणी नसेल तर माणूस जिवंतपणीच स्वतःचा पिंड देवाच्या हातावर ठेवतो. तो दहीमिश्रित असतो आणि त्यात तीळ घालत नाहीत.

फल्गू वर्षातला बराच काळ कोरडी असे, लोक वाळू उकरून पाणी काढत. 2022 पासून 411 मीटर लांबीच्या रबरी धरणामुळे विष्णुपदाच्या घाटाशी पाणी राहतं. सीतेच्या शापाने नदी कोरडी पडली ही कथा सांगणाऱ्यांची त्यामुळे थोडी पंचाईत झाली आहे.

दुपार कलली की ब्रह्मयोनी टेकडी चढावी. चारशेहून अधिक पायऱ्या आहेत. पाणी बरोबर ठेवावं, माकडांपासून पिशवी सांभाळावी. ही टेकडी म्हणजेच गयाशीर्ष असं मानतात. पिंडाच्या श्लोकांत येणारं 'गयाशिर' हेच, आणि पाली ग्रंथांतलं गयासीसही हेच. अग्निहोत्र सोडून आलेल्या एक हजार जटाधाऱ्यांना बुद्धाने इथे सांगितलं, सगळं जळतं आहे: डोळा जळतो, रूप जळतं, मन जळतं, आणि ही आग आसक्ती, द्वेष, मोहाची आहे. आहुती देणाऱ्यांना आगीचाच दाखला दिला. खाली घाटाकडे पाहिलं की दोन्ही परंपरा एकाच नजरेत येतात.

दुसरा दिवस: बोधगया

गयेहून सुमारे 12 किलोमीटर. महाबोधी मंदिर पहाटे पाचला उघडतं. मोबाईल आत नेता येत नाही, 2013 च्या बाँबस्फोटांनंतर हा नियम कडक झाला. तो खोलीवर ठेवून जाणं सगळ्यात सोपं, नाहीतर काउंटरवर रांग लावावी लागते. बूट-चप्पलही बाहेर, म्हणून थंडीत जाड मोजे घालावेत, पहाटे फरशी बर्फासारखी असते.

बोधिवृक्ष आणि वज्रासन पाहून लोक परत फिरतात. परिसरात बोधीनंतरच्या सात आठवड्यांच्या सात जागा दाखवलेल्या आहेत, त्या क्रमाने पाहाव्यात. मुचलिंद तळं मात्र स्मारक म्हणून दाखवलेलं आहे, मूळ जागा दक्षिणेला मोचारीम गावाजवळची मानतात. अजपाल वडाच्या पाटीपाशी थांबावं. तिथे एका अहंकारी ब्राह्मणाने विचारलं, ब्राह्मण कशाने होतो? बुद्धाने उत्तरात जन्म काढलाच नाही, पाप दूर सारण्याची आणि संयमाची लक्षणं सांगितली. कर्माविषयीचं त्याचं सूत्र अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात आहे: चेतनेलाच मी कर्म म्हणतो. म्हणजे हात काय करतो याच्या आधी मनाने काय ठरवलं ते मोजायचं. आजचा उरलेला दिवस आणि शेवटच्या दिवसाची सकाळ या एका वाक्यावर उभी आहे.

हिवाळ्यात बागेत तिबेटी परंपरेच्या साधकांच्या लाकडी फळ्या मांडलेल्या दिसतात. जोडलेले हात डोक्याशी, गळ्याशी, छातीशी, मग गुडघे, मग तळहात फळीवरून पुढे सरकवत पूर्ण लोटांगण, आणि उठून जपमाळेचा एक मणी पुढे. एक लाख लोटांगणं घालायची असतात, त्यावर चुकल्यामाकल्याची भरपाई म्हणून अकरा हजारांच्या वर आणखी. दिवसाला हजार घातली तरी साडेतीन महिन्यांहून जास्त लागतात. तळहातांखाली कापडी गाद्या नसतील तर पहिल्याच दिवशी कातडी सोलते, आणि नवशिके गुडघे आपटतात कारण ते हातांवर भार येण्याआधीच खाली बसतात. बाजूलाच थेरवादी उपासक नुसते शांत बसलेले असतात किंवा पाली सुत्तं म्हणत प्रदक्षिणा घालतात. धर्म एकच, पण एकीकडे मोजून केलेला देहाचा कष्ट आणि दुसरीकडे श्वासावर लक्ष. चेतना हेच कर्म असेल तर दोन्ही बसतं, पण वाद घालायला जागा उरते आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर भिक्खूही तो घालतात.

पितृपक्षात याच बोधिवृक्षाशी पिंडदानाला आलेले यात्रेकरू येतात. जवळचं धर्मारण्य आणि मातंगवापी गयेच्या वेद्यांच्या यादीतच आहेत. त्याच आवारात 22 प्रतिज्ञांचे अनुयायी त्रिसरण म्हणत असतात. 1949 च्या कायद्याने मंदिराच्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य असतात, अध्यक्ष जिल्हाधिकारी. त्यावरचा संघर्ष जुना आहे आणि मिटलेला नाही.

इतर देशांचे विहार दुपारी 12 ते 2 बहुधा बंद असतात. दोन-तीन पाहिले तरी पुरे.

तिसरा दिवस: बराबर आणि नागार्जुनी

सगळ्या मार्गात हा दिवस चुकवू नये, आणि सहलीच्या गाड्या नेमका हाच गाळतात. गयेच्या उत्तरेला रस्त्याने तासाभरावर ग्रॅनाइटचे उघडेबोडके डोंगर आहेत. गाडी दिवसभरासाठी ठरवावी, परतीला तिथे काही मिळत नाही. खाणंपिणं बरोबर घ्यावं. गुहांना लोखंडी दारं आहेत आणि रखवालदार उघडून देतो, म्हणून सकाळीच पोचलेलं बरं.

या गुहा आजीविकांच्या. मक्खली गोसाल हा त्यांचा आचार्य, बुद्ध आणि महावीर यांचा समकालीन. त्याचं म्हणणं: सगळं नियतीने ठरलेलं, पुरुषार्थ नावाची गोष्ट नाही. फेकलेला सुताचा गुंडा उलगडत जाऊन दोरा संपला की थांबतो, तसा शहाणा आणि मूर्ख दोघेही 84 लाख महाकल्प भोगून आपोआप सुटतात. दान, तप, यज्ञ कशानेही ते लवकर होत नाही. आणि तरीही हे लोक नग्न राहून अत्यंत कडक तप करत. प्रयत्नाने काही बदलत नसेल तर तप कशाला, हा प्रश्न त्यांच्या विरोधकांनी पुष्कळ विचारला. तप हेही नियतीतच लिहिलेलं, हे त्यावरचं सरळ उत्तर.

सुदामा गुंफेत आधी जावं. दाराच्या बाजूच्या भिंतीवर अशोकाचा लेख आहे: राज्याभिषेकाला 12 वर्षं झाली असताना राजा प्रियदर्शीने ही न्यग्रोध गुहा आजीविकांना दिली. बौद्ध म्हणून ओळखला जाणारा राजा प्रयत्नवादच नाकारणाऱ्या पंथाला पावसाळ्यातला निवारा कोरून देतो. अक्षरं समोरून टॉर्च मारल्यास दिसत नाहीत, कारण भिंत इतकी झळाळते की उजेड डोळ्यांवर येतो. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरावी, म्हणजे ब्राह्मीच्या खाचांत सावली पडते आणि अक्षर उठतं.

आतली खोली सुमारे 33 फूट लांब आणि साडेएकोणीस फूट रुंद, पलीकडे घुमटाची गोल खोली. भिंतीवरून बोट फिरवलं तर कुठे खाच लागत नाही. तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रॅनाइट घासून काढलेली ही झिलई आजही माणसाचं प्रतिबिंब दाखवते. बोलू नये. एक शब्द उच्चारला की त्याचा नाद कित्येक सेकंद घुमत राहतो, दुसरा शब्द पहिल्यात मिसळतो आणि कुणाचंच काही कळत नाही. एकाने लांब स्वर लावावा आणि बाकीच्यांनी ऐकावं.

शेजारची लोमश ऋषी गुंफा तिच्या दर्शनी कमानीसाठी प्रसिद्ध. लाकडी छपराची वाकलेली कमान, तुळयांची टोकं, जाळी, स्तूपांकडे निघालेली हत्तींची रांग, सगळं दगडात. भाजे-कार्ले पाहिलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते, आपल्या चैत्यकमानींची ही वडीलधारी. आत मात्र काम अर्धवट आहे, छतावर झिलई नाही आणि आतली खोली ओबडधोबड. कर्ण चौपार या गुंफेत एका टोकाला दगडी ओटा आहे आणि अशोकाच्या 19 व्या राज्यवर्षाचा लेख. विश्व झोपडी थोडी बाजूला पडते, वेळ कमी असेल तर ती सोडावी पण नागार्जुनी सोडू नये.

नागार्जुनी डोंगर पूर्वेला दीडेक किलोमीटरवर. गोपिका गुंफेच्या पायऱ्या खड्या आहेत, दुपारी दगड तापतो. अशोकाचा नातू दशरथ याने अभिषेक होताच ती आजीविकांना वर्षावासासाठी दिली, चंद्रसूर्य असेपर्यंत, असं दारावर लिहिलंय. त्याच गुहेत काही शतकांनंतरचा दुसरा लेख संस्कृतात आहे: मौखरी घराण्यातल्या अनंतवर्म्याने इथे कात्यायनीची स्थापना केली. वडथिका गुंफेत त्याने शिव आणि देवी बसवली, लोमश ऋषीत कृष्ण. आज त्या मूर्तीही जागेवर नाहीत. काही मौर्य लेखांत 'आजीविक' एवढाच शब्द छिन्नीने उडवलेला दिसतो, बाकी ओळ शाबूत. ज्याने ते केलं त्याला ब्राह्मी वाचता येत होती, एवढं नक्की.

आजीविक उत्तरेतून संपले, तमिळ प्रदेशात त्यांच्या खुणा चौदाव्या शतकापर्यंत मिळतात. त्यांचा एकही स्वतःचा ग्रंथ उरलेला नाही. जे कळतं ते बौद्ध आणि जैन विरोधकांच्या तोंडून, आणि या भिंतींवरून.

चौथा दिवस: राजगीर

गयेहून दोन-अडीच तास. अधिक महिन्यात इथे मलमास मेळा भरतो, तेव्हा गरम पाण्याच्या कुंडांपाशी पाय ठेवायला जागा नसते. रोपवेने रत्नगिरीवरच्या 1969 च्या विश्वशांती स्तूपाला सगळे जातात. जाताना रोपवे, उतरताना चालत गृध्रकूट टेकडी असं केलं तर गुडघे वाचतात.

खरी थांबायची जागा खाली आहे: बुद्धाचा वैद्य जीवक याचं आम्रवन. लांबट गोलाकार दगडी पायांखेरीज बघण्यासारखं काही नाही, म्हणून गाड्या थांबत नाहीत. दीघ निकायातलं सामञ्ञफल सुत्त इथे घडतं. पौर्णिमेच्या रात्री मगधाचा राजा अजातशत्रू बुद्धाकडे येतो. बापाला मारून गादीवर बसलेला, त्यामुळे कर्मफळाची चौकशी त्याच्यासाठी पुस्तकी नव्हती. तो सांगतो, सहा आचार्यांना विचारून झालं. पूरण कस्सप म्हणाला, गंगेच्या दक्षिण तीरावर कत्तल करत गेलास तरी पाप नाही, उत्तर तीरावर दान करत गेलास तरी पुण्य नाही. गोसालाने नियती सांगितली. अजित केसकंबलीने चार भूतांचा देह चार भूतांत मिळतो आणि दान ही मूर्खांची शिकवण असं सांगितलं. पकुध कच्चायनाने सात अविनाशी तत्त्वं मोजली: तलवार त्यांच्या मधल्या फटीतून जाते, कुणी कुणाला मारत नाही. निगंठ नातपुत्त, म्हणजे महावीर, यांनी चार संयम सांगितले. संजय बेलट्ठिपुत्ताने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, दोन्ही म्हटलं नाही. राजाचा शेरा: आंब्याबद्दल विचारावं आणि फणसाच्या जातीतल्या फळाबद्दल ऐकावं, तसं झालं.

ही यादी विरोधकांनी केलेली आहे, हे धरून वाचावी. महावीरांची बाजू तर इथे ओळखू येण्याइतकीही नीट मांडलेली नाही. अजिताचा सूर पुढे चार्वाकांच्या श्लोकात जणू गयेच्या घाटाला उद्देशूनच ऐकू येतो: मेलेल्याची श्राद्धाने तृप्ती होत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी बांधून देणं व्यर्थ.

वेणुवनात उलटं उत्तर मिळतं, आणि तेही बौद्धांकडूनच. अजातशत्रूचा बाप बिंबिसार, त्याचे मेलेले नातलग प्रेत, म्हणजे भुकेले अतृप्त जीव, होऊन भिंतीबाहेर, चौकांत, दाराशी उभे राहिले. बुद्धाने सांगितलं, संघाला दान दे आणि पुण्य त्यांच्या नावे अर्पण कर. तिरोकुड्ड सुत्तात म्हटलंय, उंचावर पडलेलं पाणी जसं खाली पोचतं तसं इथून दिलेलं प्रेतांना पोचतं. म्यानमार-श्रीलंकेत ते आजही म्हणतात. चेतनेलाच कर्म म्हणणाऱ्या परंपरेने याचा मेळ असा घातला: प्रेताने दान पाहून मनापासून अनुमोदन दिलं, की ते अनुमोदनच त्याचं स्वतःचं कर्म.

राजगीरच्या पाचही टेकड्यांवर जैन मंदिरं आहेत. सगळी करायची तर पहाटे चारला निघून उपाशीपोटी चालणारे यात्रेकरू पाहावेत. तेवढी तयारी नसेल तर विपुलाचल पुरे, दिगंबर परंपरेत महावीरांचं पहिलं प्रवचन तिथलं. विपुलाचलाच्या पायथ्याशी मखदूम कुंड आहे. तिथल्या सूफीची गाठ उद्या पडेल.

पाचवा दिवस: नालंदा, पावापुरी, बिहारशरीफ

नालंदा महाविहाराचे अवशेष दोन तासांत होतात. संग्रहालय शुक्रवारी बंद. विहारांची रांग एकीकडे आणि समोर मंदिरांची, हा आराखडा एकदा ध्यानात आला की मार्गदर्शकाची गरज उरत नाही.

या महाविहाराच्या हजारभर वर्षं आधीचं नालंदा जास्त रंजक आहे. भगवतीसूत्र या जैन ग्रंथानुसार गोसाल महावीरांना इथल्या विणकरांच्या कामाच्या जागी भेटला आणि सहा वर्षं बरोबर राहिला. फाटलं ते तिळाच्या रोपावरून. याला दाणे धरतील का, त्याने विचारलं. धरतील, एका शेंगेत सात, असं उत्तर आलं. गोसालाने मागे राहून रोपच उपटून टाकलं. पाऊस पडला, रोप पुन्हा रुजलं, सात तीळ धरले. उपटलेलं रोप पुन्हा जगलं म्हणजे सगळेच जीव मेल्यावर त्याच देहात पुन्हा जगू शकतात, असा निष्कर्ष त्याने काढला.

इथलाच दुसरा वाद मज्झिम निकायातल्या उपाली सुत्तात आहे. निगंठांच्या, म्हणजे जैनांच्या, मते कायेने केलेलं जास्त जड, बुद्धाच्या मते मनाने केलेलं. बुद्धाचा प्रश्न: जाता-येता पायाखाली किडे चिरडले जातात त्याचं काय? जैनांनी सूत्रकृतांगात परतफेड केली: तुमच्या हिशेबाने पेंड समजून माणूस भाजला, भोपळा समजून मूल भाजलं, तर दोष नाही! दोन्हीकडची टोकं मुद्दाम ताणलेली आहेत, पण भांडणाचा गाभा त्यांतून लख्ख दिसतो. जैनांसाठी कर्म हे सूक्ष्म द्रव्य, जीवाला चिकटणारं. ते यायचं थांबवायचं, तो संवर. चिकटलेलं तपाने झाडायचं, ती निर्जरा. दुसऱ्याचं झाडून देता येत नाही, म्हणून या दर्शनात पिंडाला जागाच नाही.

पावापुरीच्या जलमंदिरात ते डोळ्यांनी दिसतं. कमळांच्या तळ्यात मधोमध संगमरवरी मंदिर, महावीरांच्या अंत्यसंस्काराची जागा. लोकांनी चिमूट चिमूट रक्षा आणि माती नेली, त्यातून तळं झालं, अशी श्रद्धा. चामड्याची वस्तू पुलाआधीच ठेवावी, पट्टा आणि पाकीट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कमळं पावसाळ्यात फुलतात. दिवाळीच्या पहाटे इथे निर्वाण लाडू चढवतात, कारण निर्वाण उत्तरेकडच्या कार्तिक अमावास्येचं, म्हणजे आपल्या आश्विन अमावास्येचं. कल्पसूत्र सांगतं, शेवटच्या रात्री महावीरांनी कर्मफळांवरची 55 अध्ययनं सांगितली आणि कुणी न विचारलेल्या 36 प्रश्नांची उत्तरं दिली.

संध्याकाळी बिहारशरीफ. बडी दर्गा म्हणजे सूफींच्या फिरदौसी परंपरेचे मखदूम शरफुद्दीन याह्या मनेरी यांची कबर, मृत्यू 1381. राजगीरच्या जंगलात त्यांनी वर्षानुवर्षं एकांत केला, कालचं कुंड त्यांच्याच नावाचं. चौसा इथल्या एका काझीला लिहिलेली त्यांची शंभर पत्रं प्रसिद्ध आहेत: पहिलं तौहीदवर, म्हणजे अल्लाहच्या एकत्वावर, दुसरं तौबेवर, म्हणजे पश्चात्तापावर. डोकं झाकून जावं, पायऱ्यांपाशी चपला.

मजारीपाशी लोक फातिहा पढून त्याचा सवाब, म्हणजे पुण्य, आपल्या मेलेल्या माणसांना पोचवतात. याला ईसाल-ए-सवाब म्हणतात. पोचवणारा अल्लाह, माणूस फक्त दुआ मागतो. माणसाला त्याने केलेल्या कष्टाखेरीज काही मिळत नाही, ही कुराणाच्या 53 व्या सूरेतली आयत पुढे करून काही मुस्लीम विचारप्रवाह या प्रथेला हरकत घेतात. दुसरी बाजू म्हणते, दुआ मागणारी लेकरं मागे ठेवणं हाही त्याचाच कष्ट. उरूस शव्वालच्या पाचव्या तारखेच्या सुमारास, म्हणजे ईदनंतर चार-पाच दिवसांत. तेव्हा आलात तर मुक्काम पाटण्यात करावा, गर्दीत गावात गाडी शिरत नाही.